पथकामागची मोठी माणसं: पालक समितीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जूनमध्ये स्काऊट-गाईडच्या पथकात नवीन मुलं येतात आणि त्यांच्या मागोमाग नवीन पालक. प्रश्न मात्र जुनेच असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जिथं स्काऊट-गाईडचं पथक नव्यानं उभं राहतंय किंवा मोडकळीला आलंय, तिथूनही फोनवर हेच विचारलं जातं. म्हणून एकदाचं लिहून काढलं. लिहिणारा समितीचा चिटणीस आहे, त्यामुळं उत्तरांना जमाखर्चाचा वास येणार. तेवढं सांभाळून घ्या.

पथकाला सर आहेत, बाई आहेत. मग आणखी समिती कशाला?

कारण सर एकटे आहेत. एका स्काऊट पथकात जास्तीत जास्त ३२ मुलं असतात, सहा ते आठ जणांच्या संघांत वाटलेली. शनिवारची सभा घ्यायची, संघनायकांना तयार करायचं, कुणाचा कितवा सोपान, म्हणजे परीक्षेचा टप्पा, राहिलाय ते बघायचं, एवढंच नीट केलं तरी एका माणसाचा आठवडा भरतो. त्यावर पुन्हा नोंदणीचे फॉर्म, शुल्काचा डीडी, शिबिराला टेम्पो, मैदानाच्या गेटची चावी, आईबापांची संमतिपत्रं हे सगळं त्याच माणसाच्या डोक्यावर ठेवलं तर दुसऱ्या वर्षी तो हात जोडतो. हात जोडलेले तीन सर मी पाहिलेत. तिघंही चांगले होते.

चळवळीत याला ग्रुप कमिटी म्हणतात. आम्ही पालक समिती म्हणतो, कारण तोंडात बसलंय. त्यात गणवेश न घालणारी मोठी माणसं असतात: पालक, जुने स्काऊट, शाळेचा एखादा प्रतिनिधी, गावातला कुणी जाणता. ती जागा, पैसा, कागद आणि माणसं बघतात. मुलांचं प्रशिक्षण बघत नाहीत. हा शेवटचा भाग लोक विसरतात, त्याबद्दल पुढं येईलच.

शाळेत एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) आहे की. तीच पुरे नाही का?

नाही पुरत. एसडीएमसीपुढं वर्गखोल्यांची गळती, मध्यान्ह आहार, शिक्षकांच्या रिकाम्या जागा असतात. तिथं स्काऊटचा विषय शेवटचा येतो आणि तोवर चहा आलेला असतो. शिवाय सगळीच पथकं शाळेची नसतात. खुलं पथक असेल, म्हणजे गल्लीतल्या चार शाळांची मुलं एकत्र येत असतील, तर एसडीएमसी कुठली धरणार?

मात्र एसडीएमसीतला एक माणूस आपल्या समितीत जरूर घ्यावा. मैदान आणि एक खोली मिळणं त्याच्या मानेवर अवलंबून असतं. तो मान हलवतो की नाही, तेवढाच प्रश्न.

मला एक गाठ मारता येत नाही, कधी तंबूत झोपलो नाही. समितीत येऊन करू काय?

आमच्या समितीतली सगळ्यात कामाची बाई शिवणकाम करते. आधी तिनंही हेच विचारलं होतं. मुलगा सहा महिन्यांत शर्टाबाहेर पडतो आणि तो राखाडी शर्ट, ती नेव्ही ब्लू पँट पुन्हा दुसऱ्या कुठल्या कामाची नसते. तिनं एक लोखंडी पेटी ठेवली. आखूड झालेले गणवेश त्यात टाकायचे. ती ते उसवून, दाबून, बटणं लावून पुढच्या पोराला देते. गाईडचे आकाशी ड्रेस वेगळ्या पिशवीत. पहिल्या वर्षी नवीन आलेल्या निम्म्या मुलांना शर्ट विकत घ्यावाच लागला नाही. जुना कुठला, नवा कुठला हे रांगेत ओळखू येत नाही, आणि ओळखू येऊ नये हेच तर हवंय.

दुसरे एक काका बँकेतून निवृत्त. तिसरा टेम्पोवाला, डिझेलचे पैसे घेतो, भाडं घेत नाही. एक नर्स आहे, ती वर्षातून एकदा प्रथमोपचाराची पेटी उघडून मुदत संपलेली मलमं फेकून देते. गाठी मारायला मुलं आहेत.

समितीनं काय करू नये?

खरं तर हाच प्रश्न आधी विचारायला हवा, पण तो कुणी विचारत नाही. एक प्रसंग सांगतो, त्यात मीही होतो.

डिसेंबरातलं शिबिर, जांबोटीच्या अलीकडं एका ओळखीच्याचं शेत. आम्ही सहा बापमाणसं सामान घेऊन आदल्या दिवशीच पोचलो. उत्साह दांडगा. सकाळी मुलं यायच्या आत चारही तंबू उभे, दगड लावून चुली मांडलेल्या, फाटी फोडून रचलेली, मटकीला मोड आलेले. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या. बस आली, मुलं उतरली, सॅका खाली ठेवल्या आणि त्यांना करायला काही उरलंच नव्हतं. ती बांधावर बसली. तासाभरात दोघांची मारामारी झाली, एकानं आईला फोन लावायला मागितला.

सर काही बोलले नाहीत. आमच्या हातचा चहा प्याले, चांगला झालाय म्हणाले, मग संघनायकांना बोलावून चारही तंबू पाडायला सांगितले. आम्ही बघत राहिलो. मुलांनी ते पुन्हा उभारले. वाकडे. मेखा इतक्या तिरक्या की बघवत नव्हतं. रात्री दीडच्या सुमाराला त्यातला एक तंबू खाली आला, तो नेमका आमच्यातल्या एकाचं पोरगं झोपलं होतं तोच. बाप उठून धावणार, तर सरांनी त्याचा हात धरला. आत टॉर्च पेटला. कुणीतरी शिवी दिली, मग हसण्याचा आवाज. कॅनव्हासखाली पाच-सहा डोकी पोत्यातल्या मांजरांसारखी हलत होती. वीसेक मिनिटांत तंबू उभा. सकाळी मी जाऊन पाहिलं: दोरीची गाठ चुकीचीच होती, पण धरून होती.

तेव्हापासून आमचा एक साधा हिशेब आहे. मुलाला जे जमू शकतं ते आपण करायचं नाही. बँकेत सही, वनखात्याला अर्ज, जीपवाल्याशी घासाघीस, दवाखान्याचा फोन ही कामं मुलाची नव्हेत, ती आपली. मधली सगळी कामं त्यांची. १९०७ साली चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेलनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा सुमारे २० मुलांचे ४ संघ केले आणि प्रत्येक संघ त्याच्या नायकाच्या हाती दिला. ती संघपद्धत काढून घेतली तर उरते ती सहल. सहल काढायला शाळा आहेच.

यातूनच आलेलं दुसरं पथ्य: शनिवारच्या सभेत मैदानाच्या कडेला उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. कुठला खेळ घ्यायचा, कुणाला संघनायक करायचं, कोण परीक्षेला तयार आहे हे सर आणि मुलांची मानसभा, म्हणजे संघनायकांची बैठक, ठरवते. पटलं नाही तर नंतर, मुलं घरी गेल्यावर, सरांशी बोलावं. पोरांसमोर नाही.

पैसे कुठून आणायचे?

खर्च काय असतो ते आधी बघू. दरवर्षीचं नोंदणी शुल्क, दोर, काठ्या, झेंडा, शिबिराचं जेवण आणि प्रवास. आणि सरांच्या प्रशिक्षणाचा खर्च, जो बहुतेक पथकं मोजतच नाहीत.

पहिला पैसा मुलांचा, म्हणजे खरी कमाई. नऊ नियमांतला आठवा नियम सांगतो की स्काऊट काटकसरी असतो, आणि काटकसर भाषणातून शिकता येत नाही. आमच्या मुलांनी एका दिवाळीत भडंग करून पाकिटं विकली. विक्री झाल्यावर कोषाध्यक्ष संघनायक, वय वर्षं बारा, वही घेऊन उभा राहिला. चिरमुरे इतके, शेंगदाणे इतके, लसूण-मिरची इतकी, पाकिटं इतकी, बाकी नफा. टाळ्या पडल्या. बँकेतले काका म्हणाले, "तेल कुणाचं?" पोरगा म्हणाला, "घरचं." "मग तुझ्या आईनं पथकाला देणगी दिली म्हण की. वहीत तिचं नाव कुठाय?" पोरगं खाली बसलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तेल आणि गॅस धरल्यावर नफा बराच आटला. पण ती वही आम्ही जपून ठेवलीय, पहिला आकडा खोडलेला आहे तशीच.

त्याच दिवाळीत एका पालकानं कौतुकानं अख्खी पाटीच विकत घेतली. मुलं अर्ध्या तासात मोकळी झाली आणि दारोदार जाऊन "नको" ऐकायचं राहून गेलं. हेतू चांगला होता, पण असं करू नये.

दुसरा पैसा मोठ्यांचा. इथं सोसायट्या आहेत, कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, आणि मागायला लाज वाटायचं कारण नाही. फक्त रोख रकमेपेक्षा वस्तू मागावी: दोन तंबू, चार पातेली, एक मोठा कॅन. देणाऱ्याला आपलं नाव स्कार्फवर हवं असतं. नाही म्हणावं, पावतीवर छापून द्यावं.

आणि तिसरी गोष्ट हिशेबाची. खात्यावर दोन सह्या, त्यातली एक तरी घरच्या नात्याबाहेरची. पावतीपुस्तक छापील, क्रमांक असलेलं. गुगल पे कुणाच्या खासगी नंबरवर घेऊ नये. आम्ही एक वर्ष घेतले, त्या माणसाच्या मुलीचं लग्न त्याच महिन्यात निघालं, आणि आहेर कुठला, वर्गणी कुठली हे शोधता शोधता दोघंही घामाघूम. एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही, पण गल्लीत बोलायचे ते बोललेच. चांगली गणेश मंडळं जमाखर्च फलकावर लावतात ना, तसा आम्ही एप्रिलमध्ये शाळेच्या फलकावर लावतो.

सरांच्या प्रशिक्षणाला समितीनं पैसे का द्यावेत? ती त्यांची हौस आहे.

हौस आहे म्हणूनच द्यावेत. स्काऊटमास्तर व्हायचं तर आधी सात दिवसांचा बेसिक कोर्स, मग अ‍ॅडव्हान्स्ड, पुढं हिमालय वुड बॅज, ज्याचे दोन लाकडी मणी गळ्यात दिसतात. राज्याचं प्रशिक्षण केंद्र दोड्डबळ्ळापूरला, अ‍ॅनी बेझंट पार्कमध्ये. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्र काढायची आणि सकाळी बेंगळूरहून पुढं. माणूस सुट्टीतले आठ-नऊ दिवस देतो. तिकीट तरी आपण काढावं. आणि त्या आठवड्यात त्यांच्या घरी म्हशीची धार कोण काढणार, हेही विचारावं. आमच्या एका सरांचा प्रवास त्याच एका प्रश्नावर अडला होता.

गुरुजींची बदली झाली आणि पथक बंद पडलं. आता काय?

सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळांतला हा सगळ्यात जुना रोग. बदल्यांच्या कौन्सेलिंगमध्ये बदली होते, गुरुजी निरोप घेतात, आणि पथकाचं सामान कपाटात जातं. एका शाळेत मी ते कपाट उघडायला गेलो होतो. चावी सापडत नव्हती, कडी तोडली. आत स्काऊटच्या काठ्या, बुरशी धरलेला दोर, उंदरांनी कुरतडलेले स्कार्फ आणि एक रजिस्टर. रजिस्टरातली शेवटची हजेरी दोन वर्षांपूर्वीची, तीस मुलांची. त्यांतली बरीचशी तोवर शाळा सोडून गेली होती. त्यांचा काही दोष नव्हता, गुरुजींचाही नव्हता.

समिती असती तर तिनं दोन गोष्टी केल्या असत्या. एक, गुरुजी असतानाच दुसरा माणूस तयार ठेवला असता. सहायक स्काऊटमास्तर हे पद त्यासाठीच असतं, आणि तो शिक्षकच हवा असं नाही. जुना स्काऊट, कॉलेजातला रोव्हर (म्हणजे मोठा स्काऊट), लष्करातून निवृत्त झालेला कुणी चालतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावातच, अशा माणसांना तोटा नाही. फक्त त्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं की इथं पोरांवर ओरडायचं नसतं. दोन, सामान आणि रजिस्टर गुरुजींच्या नावावर न राहता पथकाच्या नावावर राहिलं असतं.

आता बंद पडलेलंच असेल तर: जुनी नोंदणी कुठवर भरली होती ते स्काऊट-गाईडच्या स्थानिक संस्थेकडं विचारा, मुख्याध्यापकांचं पत्र घ्या, पाच पालक गोळा करा. माणूस शोधणं शेवटी. पाच पालक पाठीशी दिसले की माणूस लवकर हो म्हणतो.

पत्रं कन्नडमध्ये येतात. आम्हाला वाचता येत नाहीत.

राज्याचं कामकाज कन्नडमध्ये चालतं, परिपत्रकं कन्नडमध्येच येणार. आमच्या समितीतले निम्मे लोक बाजारात फाडफाड कन्नड बोलतात आणि कागद पुढं आला की चष्मा शोधायला लागतात. तोडगा घरातच निघाला. मुलं शाळेत कन्नड शिकतातच. आठवीतली एक गाईड बैठकीत येऊन परिपत्रक वाचून दाखवते, मराठीत सांगते, आणि मुदतीची तारीख पाटीवर लिहून जाते. तिला कुणी मध्येच अडवलं तर म्हणते, "थांबा काका, वाक्य संपू दे." कन्नडमध्ये क्रियापद शेवटी येतं ना. मराठीतही येतं, पण काकांना तेवढा धीर नसतो.

उत्तर कन्नडमध्ये लिहायचं असेल तर मात्र मोठ्या माणसाची मदत घ्यावी. सहीखालच्या मजकुराची जबाबदारी पोरीवर टाकू नये. शिक्षण खात्याच्या हिशेबानं आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणी, अथणीकडच्या शाळेनं परवानगीचं पत्र बेळगावला नेऊन दिलं तर फेरी फुकट जाते. हे आधी बघून घ्यावं.

पथकात मात्र भाषेची अडचण जाणवत नाही. प्रार्थना आणि झेंडागीत देशभर हिंदीतच म्हटलं जातं, शिट्टीला भाषा नसते, आणि मराठी-कन्नड पोरं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिसरा नियम सांगतो, स्काऊट सर्वांचा मित्र. चळवळ बिगरराजकीय आहे. कुठल्याही बाजूचा मोर्चा असो, मिरवणूक असो, आपल्या घरचं मत घेऊन ज्यानं त्यानं जावं. स्कार्फ घालून नाही आणि पथक घेऊन तर नाहीच.

मुलींचं पथक काढायचंय, पण बाई मिळत नाहीत.

गाईड पथकाला महिला नेतृत्वच लागतं. बाई मिळत नाहीत याचं खरं कारण बहुतेक वेळा "संध्याकाळी घरी कोण बघणार" हे असतं. सभा शनिवारी सकाळच्या शाळेनंतर लगेच ठेवा. शिबिराला कॅप्टनबरोबर, म्हणजे गाईडच्या बाईंबरोबर, आणखी दोन आया कायम येतील असं समितीनं लेखी ठरवावं. कॅप्टनला लहान मूल असेल तर तेही येईल, त्याचं जेवण आपल्या हिशेबात. एवढं ठरल्यावर आम्हाला एका महिन्यात दोन नावं आली. आणि समितीत निम्म्या बायका असू द्या. नुसत्या नावाला नकोत, सहीलाही हव्यात.

शिबिर कधी आणि कुठं घ्यावं?

जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिमेकडं जायचं नाही. कणकुंबीचा पाऊस काय असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि जळवा वेगळ्या. दसऱ्याची सुट्टी मोठी असते, पण तेव्हाही ढगांचा भरवसा नाही. नोव्हेंबर ते जानेवारी चांगला, फक्त ऊसतोडीचे दिवस असल्यानं निपाणी-चिकोडीकडच्या पालकांना वेळ नसतो. तिथं संमतिपत्र महिनाभर आधी पाठवावं. फेब्रुवारीनंतर परीक्षा.

जागा निवडताना मुलं धबधबा मागतात, समितीनं पाणी आणि रस्ता बघावा. पिण्याचं पाणी कुठलं, रात्री जीप कुठवर येते, मोबाईलला रेंज कुठल्या बांधावर मिळते. गोकाकचा धबधबा बघायला चांगला आहे, शिबिराला नाही. मलप्रभा असो, मार्कंडेय असो, हिडकलचं पाणी असो, पोहता येणारा जाणता माणूस काठावर नसेल तर कुणी घोट्याच्या वर भिजायचं नाही. यात सर म्हणाले तरी ऐकू नये. समितीनं मोडता घालावा अशी ही एकच जागा.

जंगलाच्या बाजूला जाणार असाल तर वनखात्याची परवानगी हवी. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं वाटेल तिथं तंबू ठोकता येत नाही. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत. उरलंसुरलं अन्न तंबूत ठेवू नये. सापाचं तर बोलूनच ठेवावं: सर्पदंशावरचं औषध जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे निघण्याआधी फोन करून विचारायचं, आणि गाडी रात्रभर शिबिरातच उभी ठेवायची, किल्ली सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. आवळून बांधणं, कापणं, मांत्रिक, काही नाही. पाय हलू न देता थेट दवाखाना.

अनोळखी मोठ्या माणसांच्या हाती मूल कसं द्यायचं?

असं विचारणारे पालक आम्हाला आवडतात. शिबिरात, प्रवासात, खोलीत, कुठंही एक मोठा माणूस आणि एक मूल एकटे राहत नाहीत. किमान दोन मोठे, आणि दिसतील अशा जागी. झोपायची, अंघोळीची जागा मोठ्यांची वेगळी. सदस्य कितीही ओळखीचा असो, अध्यक्षांचा मेहुणा असो, यात सूट नाही. मुलांचे फोटो पालकांच्या गटाबाहेर टाकायचे नाहीत.

काही वावगं कळलं तर ते समितीनं आपसात "मिटवायचं" नसतं. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा नंबर आम्ही मुलांच्याच डायरीत पहिल्या पानावर लिहून घेतो. एका सदस्यानं विचारलं होतं, "यानं पथकाचं नाव खराब नाही का होणार?" त्यांना पुन्हा समितीवर घेतलं नाही.

सर्टिफिकेट मिळेल ना?

विचारायला लाजू नका, सगळेच विचारतात. राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोचलेल्या मुलाला पुढं उपयोग होतो. सीईटीच्या प्रवेशांत स्काऊट-गाईडसाठी वेगळी वर्गवारी आहे, रेल्वेभरतीत कोटा आहे. पण प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि मग ते. मधे काही वर्षं जातात. दहावीच्या जूनमध्ये नाव घालून मार्चमध्ये प्रमाणपत्र मागणाऱ्यांना सांगावं लागतं की समितीकडं फक्त पावत्या आहेत.

ही इंग्रजांची चळवळ नव्हे का?

सुरुवात त्यांची, आणि सुरुवातीला आपल्या मुलांना तिथं जागाच नव्हती. १९०९ मध्ये बेंगळुरात पहिलं पथक निघालं ते गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. मग मोठी माणसं हट्टाला पेटली. मद्रासकडं अ‍ॅनी बेझंट यांनी भारतीय मुलांची वेगळी संघटना काढली, अलाहाबादकडं मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची. तुकडे बरेच होते. ७ नोव्हेंबर १९५० ला ते जुळून भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली, गाईड १५ ऑगस्ट १९५१ ला सामील झाल्या. यांतली बरीच मंडळी शिट्टी घेऊन मैदानात उभी राहणारी नव्हती. वकील, पत्रकार, पुढारी. म्हणजे समितीतलीच माणसं.

आपल्या गावातही उदाहरण आहे, जरी ते स्काऊटिंग नव्हे. १९२४ च्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाला गांधीजी अध्यक्ष होते, आणि ते उभं केलं गंगाधरराव देशपांड्यांनी, डॉ. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे स्वयंसेवक राबले. टिळकवाडीत काँग्रेस विहीर अजून आहे. तेवढ्या माणसांना पाणी पाजायचं तर आधी विहीर खणावी लागते, हे कुणीतरी महिनोन्‌महिने आधी ओळखलं होतं.

पाहुणे, सत्कार, हार-तुरे?

वर्षातून एकदा, अर्धा तास, सावलीत. मुलं उन्हात उभी आणि पाहुणे मंडपात असं असेल तर कार्यक्रम रद्द करावा.

बैठक किती वेळा?

दोन महिन्यांतून एकदा, तासभर. शिबिराआधी दोनदा. सर पहिली पंधरा मिनिटं बोलतात, काय हवं ते सांगतात आणि घरी जातात.

माझा मुलगा आता पथकात नाही. मी समितीत राहू का?

राहा, पण तीन वर्षांवर एक पद नको. मीच अकरा वर्षं चिटणीस आहे, त्यामुळं हे लिहायला जीभ जरा अडखळते. कारण असं की जांबोटीच्या शेतमालकाचा नंबर माझ्याच फोनमध्ये आहे, कपाटाची चावी माझ्याच खुंटीला आहे आणि वनखात्यातले ते साहेब मलाच ओळखतात. म्हणजे कडी तोडलेल्या त्या कपाटाचीच गत, फक्त गुरुजींच्या जागी मी. ऑगस्टच्या बैठकीत हा विषय स्वतःच मांडलाय. शिवणकामवाल्या बाई चिटणीस व्हायला तयार आहेत, त्यांची अट एवढीच की जुनी रजिस्टरं मी वाचता येतील अशा अक्षरात उतरवून द्यावीत. सध्या २०१७ पर्यंत आलोय.